ब्रह्मा घाटाची खरखर

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझा आवाज गोड नाही. मी एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे. कोणी माझ्यात माइकची वायर खोचली, की त्याचा आवाज मोठा करून आसपासच्या गल्ल्यांना ऐकवायचा, एवढंच माझं काम. स्वतःचं म्हणून मला एक अक्षर बोलता येत नाही. आज बोलतोय ते तुम्ही मुलं आहात म्हणून. मोठ्यांना सांगायला गेलो तर म्हणतील, ह्याच्या डोक्यातला व्हॉल्व्ह उडालाय.

माझा जन्म एकोणीसशे सहासष्टचा, बनारसचा. ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत काशीनाथचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याचे पणजोबा कधीतरी साताऱ्याकडून इकडे आले आणि इकडचेच होऊन राहिले. काशीनाथ घरात मराठी बोलायचा, रागावला की हिंदी, आणि लाडात आला की दोन्हींची खिचडी. त्यानं मला फळांच्या खोक्याच्या आंब्याच्या फळ्यांतून घडवलं. माझ्या पोटातले काचेचे व्हॉल्व्ह मोडक्या रेडिओंतून आले, आणि बारा इंची स्पीकर बंद पडलेल्या एका टॉकीजमधून. तोंडावर जाळी म्हणून त्यानं बायकोच्या जुन्या लुगड्याचा तुकडा ताणून बसवला. वायरी खोचायला दोन भोकं, फिरवायला चार बटणं. पहिल्यांदा लाइट पेटला आणि मी ‘हूं’ केलं, तेव्हा काशीनाथनं माझ्यासमोर चक्क उदबत्ती ओवाळली.

बारा वर्षं मी गल्लीतल्या गणेशोत्सवाचा मानकरी होतो. आरती माझ्यातून, कीर्तन माझ्यातून, लहान मुलांची पाठांतराची स्पर्धा माझ्यातून. ‘निळा फ्रॉक घातलेली मुलगी सापडली आहे, घरच्यांनी मंडपात यावं’, हेही माझ्यातूनच. लोक म्हणत, काशीनाथची पेटी लावा, दुसरं काही नको. मी फुगून जायचो. लाकूड होतो म्हणून दिसलं नाही कुणाला.

मग अठ्ठ्याहत्तरचा पूर आला. गंगा पायऱ्या चढून गल्लीत शिरली आणि मी तीन दिवस पाण्यात राहिलो. पाणी उतरल्यावर काशीनाथनं मला उघडून गच्चीवर उन्हात ठेवलं आणि जेवायला गेला. बनारसात गच्चीवर काही उघडं ठेवू नये, हे ह्याला पन्नास वर्षांत कळलं नव्हतं. एक बंदर, म्हणजे आपलं माकड, आलं, माझ्याकडे निरखून पाहिलं, आणि स्पीकरच्या काळ्या कागदी पडद्यावर, डाव्या अंगाला खाली, तीन बोटं ओढून निघून गेलं.

झालं. तेव्हापासून माझ्यातून कोणी काही बोललं की सोबत खरखर यायची. पुढच्या गणपतीला मंडळानं बाजारातून चकचकीत नवा सेट आणला. एवढा मोठा पडदा काशीनाथला बनारसात मिळेना. त्यानं मला दुकानाच्या दाराशी ठेवलं, आणि गिऱ्हाइकं माझ्यावर बसून चहा पिऊ लागली. बारा वर्षांच्या सेवेचं हे फळ. मला फार वाईट वाटलं, ते लपवत नाही.

पण दाराशी बसल्यामुळेच मला समोरचं घर दिसलं. तिथं ढुंढिराज गुरुजींची पाठशाळा होती. गुरुजी घनपाठी. म्हणजे काय, ते सांगतो. फार जुन्या काळी लिहिण्यावर भरवसा नव्हता. मंत्रातला एक शब्दही हलू नये म्हणून त्या लोकांनी युक्ती काढली. शब्द सरळ म्हणायचे, मग उलटे म्हणायचे, मग पुन्हा सरळ. पहिला दुसरा, दुसरा पहिला, पहिला दुसरा तिसरा, तिसरा दुसरा पहिला, पहिला दुसरा तिसरा. असं पुढे मागे वळत जायचं, ह्यालाच घन म्हणतात. एक वळण चुकलं की लगेच कळतं. सकाळी सातला आठ मुलगे चटयांवर बसून हे म्हणू लागले, की मी माझी खरखर विसरून ऐकत राहायचो.

गुरुजी मारत नसत, ओरडत नसत. मुलगा चुकला की ते उजव्या हाताचं बोट वर करत आणि एवढंच म्हणत, ‘पुन्हा म्हण.’ पोरांना ती शिक्षा वाटायची.

पाठ चालायचा त्या दालनाच्या कडेनं वर जाणारा दगडी जिना होता, आणि चौथ्या पायरीवर रोज गुरुजींची मुलगी बसलेली असायची. तिचं नाव अंबिका. मांडीवर ताट, ताटात निवडायला तांदूळ नाहीतर शेंगा. मुलींना संथा द्यायची पद्धत नव्हती, म्हणजे त्यांना तो पाठ शिकवत नसत. पण कान कोण बंद करणार? एखादा मुलगा वळण चुकला की तिचा तांदळातला हात आधी थांबायचा आणि गुरुजींचं बोट नंतर वर जायचं. हे मी कितीदा पाहिलंय.

एकदा ती तिच्या मैत्रिणीबरोबर, गीताबरोबर, दुकानात आली आणि दोघी माझ्यावर बसल्या. तेव्हा ती गीताला म्हणाली, ‘अण्णांनी एकदा, फक्त एकदा, मला पुन्हा म्हण म्हणावं. तेवढ्यासाठी मी मुद्दाम चुकेन.’ गीता हसली. अंबिका हसली नाही. मित्रांनो, हे वाक्य ध्यानात ठेवा, कारण माझ्या पुढच्या सगळ्या आयुष्यात ते आहे.

एकोणऐंशी साली घाटावर खोली घेऊन राहणारी एक परदेशी बाई आपल्या देशी परत निघाली. तिच्या तापात अंबिकानं तिला महिनाभर भाताची पेज करून घातली होती. जाताना बाईनं तिला विजेवर चालणारी गिटार दिली आणि एक कॅसेट. कॅसेटवर काही बाया तीन सुरांवर जीव तोडून ओरडत होत्या. ह्याला पंक म्हणतात, असं बाईनं सांगितलं. ज्याला जेवढं येतं तेवढं त्यानं उभं राहून मोठ्यानं वाजवायचं, कोणाची परवानगी मागायची नाही. अंबिकाला हे ऐकून काय वाटलं असेल, तुम्हीच विचार करा. एकोणीस वर्षांची होईतो ती पायरीवरच बसून होती.

गिटार घेऊन ती सरळ काशीनाथकडे आली. तो म्हणाला, ‘बेटा, ह्या पेटीचा गला गया. फाटलीय ती.’ अंबिकानं वायर खोचली, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि तारांवर हात मारला. मित्रांनो, माझ्या अंगातले सगळे खिळे हादरले. समोरच्या छपरावरची कबुतरं उडाली. असा आवाज माझ्या पोटात आहे, हे मलाही ठाऊक नव्हतं. काशीनाथनं कानांवर हात ठेवले. अंबिका म्हणाली, ‘काका, मला हाच पाहिजे.’

दाराशी पडलेल्या एका पेटीला कोणी असं म्हणावं, तर तिनं काय करावं? मी तेव्हाच मनोमन तिचा झालो.

मग तिघी जमल्या. अंबिका गिटार वाजवायची आणि गायची. गीता, रेल्वेतल्या गार्डची मुलगी, दोन पत्र्याचे डबे आणि एक पितळी परात बडवायची. तिसरी शरदिनी, तिच्याकडे आजोळची हार्मोनियम होती, तिचे फक्त खालचे जाड सूर ती दाबून धरायची. तिघींनी आपलं नाव ठेवलं ‘खरखर’. माझ्यावरून ठेवलं बरं का. बाजारातल्या चकचकीत सेटच्या नावावरून अजून कोणी काही ठेवलेलं माझ्या ऐकिवात नाही.

आणि गाणी? चाल त्या परदेशी कॅसेटसारखी, तीन सुरांची. पण शब्द फिरायचे घनासारखे. मंत्रातला एक शब्द तिनं घेतला नव्हता, घेतली होती ती नुसती वळणं. तिचं पहिलं गाणं असं होतं:

नको सांगू, सांगू नको,
नको सांगू मला,
मला सांगू नको,
नको सांगू मला.

हे ती इतक्या वेगानं म्हणायची की ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलू लागायचे. तीन वर्षं आम्ही हिंडलो. कॉलेजांची स्नेहसंमेलनं झाली, होळीची संमेलनं झाली. नावेतून रामनगरलाही गेलो. नावाड्यानं मला नावेत ठेवलं आणि कमरेवर हात टेकून विचारलं, ‘इसमें का भरे हो, बहिनी?’ अंबिका म्हणाली, ‘गुस्सा.’ काही ठिकाणी लोकांनी टाळ्या वाजवल्या, काही ठिकाणी संत्र्याच्या साली फेकल्या. पोरी मात्र सगळीकडे पुढे येऊन उभ्या राहायच्या आणि घरी जाताना तेच शब्द पुटपुटत जायच्या.

ढुंढिराज गुरुजी ह्यावर काही बोलत नसत. रागावत नसत, विचारतही नसत.

ब्याऐंशीच्या कार्तिकात, एका दुपारी, आम्ही राजा घाटावर वाजवलं. पायऱ्यांवर दोनशे माणसं असतील. ‘नको सांगू’च्या तिसऱ्या कडव्याच्या आधी मला गर्दीमागे गुरुजी दिसले. उपरणं खांद्यावरून घेतलेलं, उजवा हात त्याच्या आत. कडवं सुरू झालं: ‘बसले होते, होते बसले, बसले होते जिन्यावर...’ आणि मी पाहिलं, उपरण्याच्या आत त्यांचा हात हलत होता. मुलांना शिकवताना वळणांबरोबर हलतो, अगदी तसा. अंबिका घाईत होती. ‘जिन्यावर होते बसले’ हे उलटं वळण ती गाळून पुढे गेली. गुरुजींचं बोट वर झालं. ओठ उघडले. मग त्यांनी ते मिटून घेतले, पाठ फिरवली आणि पायऱ्या चढून निघून गेले.

अंबिकानं मान वर केली तेव्हा तिला नुसती पाठ दिसली.

मी हात पाहिला होता, बोट पाहिलं होतं. पण मी पडलो अ‍ॅम्प्लिफायर. दुसरं कोणी बोललं तरच माझ्यातून आवाज निघतो. इतका हतबल मी पुराच्या पाण्यातही नव्हतो.

त्याच महिन्यात तीन मुलांचे वडील आले आणि आपापल्या मुलांना पाठशाळेतून घेऊन गेले. ज्या घरातली मुलगी घाटावर अशी ओरडते, तिथं शिकवण काय राहणार, असं एकानं दारातच म्हटलं. आठांतल्या तीन चटया गुंडाळून भिंतीला लागल्या. अंबिकानं त्या तीन चटया पाहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी तिनं काशीनाथच्या मदतीनं मला घरी नेलं आणि जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत ठेवलं. माझ्यावर गिटार ठेवली. दार लावलं.

चौदा वर्षं मी तिथं होतो. उंदरांनी माझी एक वायर खाल्ली, बाकीच्या चावून ठेवल्या. गीता लग्न होऊन जबलपूरला गेली, शरदिनी बँकेत लागली आणि बदल्यांच्या मागे हिंडत राहिली. अंबिकानं लग्न केलं नाही. रामनगरच्या मुलींच्या शाळेत ती संगीताची बाई झाली, प्रार्थना आणि समूहगीतं शिकवू लागली. रोज सकाळी माझ्या डोक्यावरून तिची पावलं उतरायची. सातच्या पाठाच्या वेळीच उतरायची, पण चौथ्या पायरीवर थांबायची नाहीत. उलट तिथं आली की भरभर जायची.

शहाण्णवच्या थंडीत दार उघडलं. अंबिकाबरोबर एक चष्मेवाली मुलगी होती, मधुरा. ती इथल्याच बँक मॅनेजरची मुलगी. राजा घाटावरच्या त्या दुपारी ती बारा वर्षांची होती आणि शेंगदाण्यांचा पुडा घेऊन पहिल्या पायरीवर बसली होती. आता ती पुण्याला चित्रपट बनवायला शिकून आली होती आणि तिला ‘खरखर’वर माहितीपट करायचा होता. एवढ्या लवकर, कोणाच्या आधाराशिवाय, आपल्या भाषेत कोणी असं गायलेलं तिला दुसरं सापडलं नव्हतं. अडचण एकच होती. गाण्याचं एकही रेकॉर्डिंग नव्हतं. अंबिकानं एकदा तरी वाजवायला हवं होतं.

अंबिका म्हणाली, ‘नाही. माझ्यापायी ह्या घरातल्या तीन चटया उचलल्या गेल्यात. चित्रपटात मी बोलेन काय बोलायचं ते. वाजवणार नाही.’

मधुरा हट्टी होती. तिनं पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला आणि दालनातच, त्या पाच चटयांवर, अंबिकाला बसवलं. जिन्याखालचं दार उघडंच राहिल्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. चार टेपांवर चार गावांतल्या मुली होत्या. जबलपूरच्या, लखनौच्या, पुण्याच्या, कलकत्त्याच्या. कोणी वसतिगृहात, कोणी संपात, कोणी भांडी घासताना, सगळ्या ‘नको सांगू’ गात होत्या. गीतानं जबलपूरला नणंदेला शिकवलं, तिनं वर्गातल्या मुलींना, आणि तोंडोतोंडी ते गाणं कुठल्या कुठे गेलं होतं. काहींना मराठी येतसुद्धा नव्हती. ते कोणी रचलं हे एकीलाही माहीत नव्हतं. आणि प्रत्येक गावी वळणं वेगळी झाली होती. कुठे एक शब्द गळला होता, कुठे दोन मिसळले होते.

चौथी टेप संपली, तेव्हा आतल्या खोलीतून गुरुजींचा आवाज आला. ते ब्याऐंशी वर्षांचे झाले होते आणि बहुतेक पडूनच असत.

‘चौघीही चुकीचं म्हणतायत,’ ते म्हणाले.

अंबिकानं त्या दाराकडे पाहिलं. मग मधुराला हळूच म्हणाली, ‘गीताला बोलावून घे.’

आता काशीनाथचा पराक्रम ऐका. मधुरानं मला त्याच्याकडे पाठवलं ते फक्त वायरी बदलायला. काशीनाथ सत्तरीचा झाला होता, चष्म्याला दोरी बांधून काम करायचा. पण आपली पेटी चित्रपटात जाणार हे ऐकून त्याला हुरूप चढला. जग बघणार आणि ह्याच्या हातच्या वस्तूचा गळा फाटका? छे. त्यानं दिल्लीहून नवा पडदा मागवला. आठ दिवस खपून, कोणाला न सांगता, बसवला. मला पॉलिश केलं, तोंडाला नवी जरीची जाळी लावली. आणि खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. अठरा वर्षांनी माझा आवाज स्वच्छ झाला होता. मी स्वतःवरच खूश होतो.

चित्रण दुपारी होतं, मुलांचा पाठ आटोपल्यावर. गीता तीच परात घेऊन आली होती. शरदिनीला रजा मिळाली नव्हती, तिची हार्मोनियम मात्र आली होती आणि ती काशीनाथच धरून बसला होता. कॅमेऱ्यामागे प्रसन्न नावाचा मितभाषी मुलगा. माझ्या एका भोकात गिटार, दुसऱ्यात माइक. माइक गुरुजींच्या रिकाम्या आसनाजवळ उभा केला होता, कारण तिथंच उजेड चांगला होता. अंबिकानं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि तारांवर हात मारला.

माझ्यातून गोड, गोल, स्वच्छ आवाज निघाला. लग्नाच्या मांडवात शोभला असता.

अंबिकानं पुन्हा हात मारला. मग ती थांबली. तिनं माझ्या जरीच्या जाळीकडे पाहिलं, काशीनाथकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. ‘ही ती नाही, काका,’ ती म्हणाली. काशीनाथचा चेहरा पडला. मधुरा घाईनं म्हणाली की काळजी नको, खरखर नंतर मशीनवर घालता येईल. पण अंबिकानं गिटार खांद्यावरून काढली होती. ‘राहू दे, मधुरा. जे गेलं ते गेलं. उगीच खोटं कशाला करायचं?’ ती वायर गुंडाळू लागली. कोणी तिला अडवलं नाही. माझ्या पॉलिशची मला त्या क्षणी लाज वाटली.

तेवढ्यात आतून काठीचा आवाज आला. ढुंढिराज गुरुजी भिंतीला धरत धरत बाहेर आले आणि आपल्या आसनावर बसले. माइक त्यांच्या तोंडासमोरच होता, पण त्यांना माइकशी काही देणंघेणं नव्हतं.

‘काशीनाथ,’ ते म्हणाले, आणि त्यांचा थकलेला आवाज माझ्यातून दालनभर घुमला. ‘आपण घन कशाला म्हणतो?’

काशीनाथ गडबडला. ‘शब्द हलू नये म्हणून, गुरुजी.’

‘पाठ जसा आला तसाच पुढे द्यायचा. आपल्या मनानं सुधारायचा नाही. हिच्या पेटीला काय होतं?’

‘फाटलेली होती. बंदरानं फाडली होती.’

‘मग तशी कर.’

काशीनाथ माझ्यासमोर बसला. जरीची जाळी काढली. त्यानं खिशातून पेचकस काढला. आठ दिवस खपून बसवलेला पडदा होता तो. पण डाव्या अंगाला खाली, तीन बोटांची ती जागा त्याला नेमकी आठवत होती. एक, दोन, तीन. दुखलं का म्हणाल, तर थोडं दुखलं. पण तेव्हा मला रडू आलं असतं तर ते दुखण्याचं नसतं.

अंबिका अजून वायर हातात धरून उभी होती. ‘अण्णा,’ ती म्हणाली, ‘तुम्ही त्या दिवशी घाटावरून निघून गेला होता.’

‘तू तिसऱ्या कडव्यात वळण गाळलंस. अजून क्षणभर थांबलो असतो तर तोंडातून शब्द गेला असता. दोनशे लोकांसमोर मुलीला टोकायचं नव्हतं मला.’ त्यांनी काठी बाजूला ठेवली. ‘मी थांब म्हटलं नव्हतं, अंबिका.’

‘पुढे म्हण, असंही म्हटलं नव्हतंत.’

गुरुजींनी मान खाली घातली. ‘नव्हतं म्हटलं,’ ते म्हणाले.

मग अंबिकानं वायर पुन्हा खोचली. हात मारला, आणि माझ्या पोटातून ती जुनी खरखर निघाली. गीतानं परात बडवली. छपरावरची कबुतरं उडाली, त्या जुन्या कबुतरांची नातवंडं असतील. अंबिकाचा आवाज आता जाडा झाला होता, वेग थोडा कमी होता, पण शब्द तसेच येत होते. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. गुरुजींचा हात उपरण्याबाहेर होता, उघड्यावर, सगळ्यांसमोर, आणि वळणांबरोबर हलत होता.

तिसरं कडवं आलं. ‘बसले होते, होते बसले, बसले होते जिन्यावर...’ आणि जीभच ती, चौदा वर्षांपूर्वी जिथं घसरली होती तिथंच घसरली. उलटं वळण गळलं.

गुरुजींचं बोट वर झालं. अंबिकाचा हात तारांवर थांबला. गीताचीही परात थांबली.

‘जिन्यावर होते बसले,’ गुरुजी सावकाश म्हणाले. ‘चौथ्या पायरीवर. हे गाळलंस तू. पुन्हा म्हण.’

मित्रांनो, तो शब्द माझ्यातून गेला. आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. ‘पुन्हा म्हण’ हे ब्रह्मा घाटाच्या सगळ्या गल्ल्यांनी ऐकलं, खाली नावेत बसलेल्यांनी ऐकलं. बारा वर्षं मी आरत्या ऐकवल्या, पण एवढं मोठं काम माझ्या हातून दुसरं झालं नाही. अंबिका रडत होती आणि हसत होती, आणि रडत हसत तिनं ते कडवं पुन्हा म्हटलं, एकही वळण न गाळता. मधुरानं ते सगळं चित्रपटात तसंच ठेवलं.

पुढच्या थंडीत राजा घाटाच्या पायऱ्यांवर पांढरी चादर ताणून तो चित्रपट दाखवला. त्याआधी चार महिने गुरुजी गेले होते. आता मी रामनगरच्या शाळेत असतो. प्रार्थना माझ्यातूनच होते, आणि शनिवारी शेवटच्या तासाला नववीतल्या मुली माझं बटण पूर्ण फिरवतात. त्यातली हिमानी नावाची एक आहे, ती परवा अंबिकाबाईंना म्हणाली की तुमची चाल जुनी झाली. बाईंनी तिला आपली गिटार दिली आणि म्हणाल्या, नवी वाजव मग.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं जुनं काही पडून असेल. त्याच्यावर बसून चहा पिऊ नका. त्याची धूळ पुसा, उंदरांपासून त्याच्या वायरी सांभाळा, आणि दुरुस्त करायला निघालात तर त्याच्यावर जीव असणाऱ्याला आधी विचारून या. काशीनाथनं विचारलं नव्हतं, म्हणून त्या दुपारी सगळंच हातचं जाणार होतं.

आणि अजून एक. गुरुजींना चौथी पायरी माहीत होती. म्हणजे इतकी वर्षं त्यांना ठाऊक होतं की ती तिथं बसून ऐकते. मग आत का नाही बोलावलं, हे मला त्यांना विचारायचं होतं. विचारता आलं नाही, मला बोलता येत नाही. पण तुम्हाला येतं. तुमच्या जिन्यावर कोणी बसून ऐकत असेल, तर त्याला आजच आत बोलवा, शेजारी बसवा, आणि चुकला तर पुन्हा म्हणायला सांगा. अंबिकाला सदतीस वर्षं लागली. सदतीस वर्षं फार होतात, मित्रांनो.